नुसती हवा

नव्या रुग्णालयाचे पाइप, तुळया, भिंती संगणकावर एकत्र बसवून कुठे काय कशाला धडकतंय ते शोधायचं, हे त्याचं काम. सातशे टकरा त्याने मिटवल्या. एक मात्र काही केल्या हटेना. स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची वळावी म्हणून आखलेल्या वर्तुळात पाइपांमागची भिंत घुसत होती.

"अहो, वर्तुळ म्हणजे काय वीट आहे? नुसती हवा ती!" साहेब वैतागले. "उद्या अहवाल द्यायचाय. उडवा ते."

त्याने वर्तुळ पुसलं. अहवालात टकरा शून्य आल्या. साहेबांनी पाठ थोपटली, आणि आईने ते शून्य शेजारपाजारी मिरवलं.

तीन वर्षांनी त्याच स्वच्छतागृहात तो आईची खुर्ची वळवायला धडपडत होता. पुढे भिंत, मागे दार. खुर्ची ना इकडे वळे, ना तिकडे. शेवटी आईला धीर धरवला नाही, कपडे भिजले. त्याला मान वर करवेना.



"असू दे रे," ती हळूच म्हणाली, "मेल्यांनी खुर्चीच मोठी दिलीय. तुझं काम कधी चुकायचं नाही."