दाराजवळची खुर्ची

शनिवारची प्रार्थना सुरू झाली तरी फ्रीडा ओहायोतल्या त्या सिनेगॉगच्या, ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, दाराशीच उभी होती. परवा कुणीतरी खिडकीवर दगड मारला होता. पायरीवर बूट वाजले. दारात वेंडेल होता, नगरपालिकेच्या सभेची सुरुवात येशूच्याच प्रार्थनेने व्हावी म्हणून तिच्याशी कडाकडा भांडलेला. त्याचा हात वर गेला तशी तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याने, चर्चमध्ये काढतात तशी, टोपी काढून छातीशी धरली होती. "भांडलो मी, फ्रीडाबाई. पण दगड माझा नाही." "टोपी घाला," ती म्हणाली. "आमच्यात देवापुढे डोकं झाकतात." वेंडेलने टोपी घातली, खुर्ची ओढली आणि तो दाराकडे तोंड करून बसला. "तुम्ही आत प्रार्थनेला जा. दगड मारणारा आज पुन्हा येणार आहे. माझ्याच घरात जेवतो तो."