मिक्सरचा ताप

सूनबाईने साउंडच्या मिक्सरचा खटका दाबला आणि दोन्ही स्पीकर घुमायला लागले. माइकसमोर माणूस नाही, गाणं नाही, तरी घूंऽऽ असा एकसुरी आवाज. आमंत्रण नसताना पहिल्या रांगेत बसणाऱ्या पाहुण्यासारखा तो रिकाम्या सभागृहात ठाण मांडून बसला.

"अर्थिंगचं दुखणं आहे," म्हातारा स्टेजवरून म्हणाला आणि त्याने नव्याकोऱ्या शर्टाच्या खिशातून पक्कड काढली.

गाणं म्हणायला निघालेला माणूस खिशात पक्कड कशाला घालतो, हे म्हातारीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आज नवऱ्याला टोचून बोलायचं नाही, असं तिने सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं. जन्मभर मिक्सरमागे बसून त्याने दुसऱ्यांचे गळे गोड केले. वाचनालयाच्या मंडळींनी आज पहिल्यांदा त्यालाच गायला सांगितलं होतं. एकच गाणं, चार वाजता. पंधरा दिवसांत ते घरातल्या भांड्यांनाही पाठ झालं होतं.

म्हातारा तुरुतुरु खाली आला. त्याचा उपाय घरात सगळ्यांना ठाऊक होता. प्लगची तिसरी, जाड पिन पकडीत धरायची आणि मोडून टाकायची. अर्थिंग तुटलं की घरघर गप्प.

सूनबाईने खटका बंद केला, प्लग काढून पदराखाली लपवावा तसा मुठीत धरला आणि आवाज न चढवता सांगितलं, की मिक्सर मागच्या भिंतीवरच्या सॉकेटवर आहे आणि ॲम्प्लिफायर स्टेजवरच्या. दोघांचं अर्थिंग दोन वाटांनी जातं, म्हणून मधल्या वायरीत घरघर शिरते. दोघांना एकाच बोर्डावरून वीज दिली की झालं. एक लांब वायर ओढायची, एवढंच काम. पिन मोडली आणि आत काही बिघडलं, तर करंट मिक्सरच्या पत्र्यात उतरणार, तिथून वायरीने माइकच्या जाळीवर.

"आणि त्या जाळीला ओठ तुमचे लागणार आहेत, बाबा."

म्हातारा हसला. नव्या कवळीमुळे ते हसू जरा मोठंच झालं. चाळीस वर्षं पिना मोडल्या, तो म्हणाला, पण मुंगी चावावी एवढासुद्धा झटका कधी बसला नाही. "हाताला गुण असावा लागतो, पोरी."

इथे म्हातारीचं सकाळचं ठरवणं मोडलं.

"तुमच्या हाताला नाही," ती म्हणाली.

मग पुढे बोलायच्या ऐवजी तिने उजव्या हाताची उलटी बाजू मिक्सरच्या कडेला टेकवली. लेकराच्या कपाळाला टेकवतात तशी. प्रत्येक कार्यक्रमाआधी ती हेच करायची, आणि म्हातारा चारचौघांत तिची थट्टा करायचा, की बघा, बाईसाहेब मिक्सरचा ताप बघतायत. किती भरला हो?

"ताप नव्हते बघत. तुमच्या आधी हात लावत होते."

म्हाताऱ्याच्या हातातली पक्कड तशीच उघडी राहिली. त्याने विचारलं, "झटका बसायचा?"

"एखाद्या वेळी बसायचा. मग तुम्हाला चहा आणायला धाडायचे. तुम्ही येईस्तोवर मोडका प्लग उलटा करून खोचायचे नि परत हात लावून बघायचे."

म्हाताऱ्याला ते सगळे चहा आठवले. उन्हातान्हात, कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून, बशीने झाकून आणलेले. घरी ही बाई सकाळच्या एका कपावर दुसरा घेत नाही, आणि कार्यक्रमाच्या घाईतच हिला कसली तलफ येते, म्हणून तो वाटभर कुरकुरायचा. आणि आणलेला चहा स्पीकरच्या पेटीवर साय धरून पडलेला असायचा.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

म्हाताऱ्याने विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "नसतं."

सूनबाई मात्र सासूवर चिडली. हाताने बघायचं नसतं, आई, त्याला मीटर असतो, ती म्हणाली, एखाद्या दिवशी जर... तिने वायरीचं भेंडोळं उचलून सासऱ्याच्या हातात दिलं. "धरा."

वायर भिंतीच्या कडेकडेने, खुर्च्यांच्या मागून निघाली. शर्टाची इस्त्री मोडत म्हातारा दर चार पावलांवर चिकटपट्टी लावत गेला आणि मागून म्हातारी, ही वायर आहे की तुमचा भांग, सरळ म्हणून जाईना, असं ऐकवत गेली. सूनबाईने स्टेजवरच्या बोर्डाचं अर्थिंग तपासलं, मग तिन्ही पिना शाबूत असलेला प्लग खोचला. आधी मिक्सर, शेवटी ॲम्प्लिफायर.

स्पीकर चालू होते आणि काही ऐकू येत नव्हतं. बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज तेवढा आला.

तिने मीटरची सळई मिक्सरच्या पत्र्यावर टेकवली, मग माइकच्या जाळीवर. दोन्हीकडे शून्य.

तरी सवयीने म्हातारी हात उलटा करून पुढे झाली. पण म्हातारा मध्ये आला. त्याने तिला कोपराने बाजूला सारलं आणि आपल्या हाताची उलटी बाजू मिक्सरला टेकवली. बराच वेळ टेकवून ठेवली.

"किती आहे, बाबा?" सूनबाईने विचारलं.

"नाही ताप," तो म्हणाला. मग बायकोकडे न बघता, घसा खाकरत, "चहा आणू का गं?"

म्हातारी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर टेकली.

"आणा," ती म्हणाली. "आज पिईन."