हलव्याला रंग येईपर्यंत

रवा भाजायला घेतला तेव्हा गुलिजारच्या अंगावर अजून बाहेरचाच कोट होता. भलं मोठं पातेलं, त्यात लोण्याचा गोळा, मूठभर चिलगोजे आणि रवा. पळी फिरत होती.

“आई, कोट तरी काढ,” तुंजाय दारातून म्हणाला. “आणि हे काय काढलंस? मी केक आणलाय.”

केकवर कागदाचे दोन झेंडे खोचले होते, एक तुर्कस्तानचा, एक जर्मनीचा. सकाळी नगरभवनात अधिकारी बाईंनी हातात जर्मन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र दिलं, हात मिळवला. शपथेचं मोठ्याने म्हणायचं वाक्य गुलिजारने न अडखळता म्हटलं. लेकाचे डोळे भरून आले. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल बधिर होतो, तशी ती आतून होती. ना आनंद, ना दुःख.

“तुझ्या बाबांना कबूल केलं होतं,” ती म्हणाली.

तिचा नवरा रिफात जन्मभर हटून बसला होता. नवं नागरिकत्व हवं तर जुनं सोडा, असा तेव्हा कायदा. “बायको आणली म्हणून आईला घराबाहेर काढतात का रे?” असं तो बर्लिनभर विचारत फिरायचा. शेवटी कायदा बदलला, दोन्ही ठेवा म्हणाले. त्याने त्याच आठवड्यात दोघांचे अर्ज टाकले आणि घरी येऊन फर्मान सोडलं, “मिळेल त्या दिवशी हलवा करायचा. पहिला चमचा माझा.”

वसंतात तो गेला. शवपेटी विमानाने तुर्कस्तानात गावी गेली, तेव्हा गुलिजार खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडली होती. मयताच्या नावाने भाजतात तो त्याचा हलवा गावाकडे नणंदेने भाजला.

घरात आता खमंग वास भरला होता. तो दाराच्या फटीतून जिन्यात गेला, आणि थोड्याच वेळात घंटी वाजली. तुंजायने दार उघडलं. खालच्या मजल्यावरची पेरिहान उभी होती, डोक्याला घाईघाईने रुमाल बांधलेला, चेहरा पडलेला.

“देव धीर देवो रे बाळा,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “कोण गेलं?”

तुंजायला हसूच फुटलं. “कुणी नाही हो मावशी! आई आज जर्मन झाली. तुर्की होतीच, आता दोन्ही.”

“अगं बाई!” पेरिहानने छातीवर हात ठेवला. “मग असा जीव घाबरा करायचा? आनंदाचा हलवा असेल तर आधी माणसं बोलवावीत, मग पातेलं चढवावं. नुसता वास सोडलास जिन्यात! मी जपमाळ घेऊन आले ना वेड्यासारखी.” आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन, “अभिनंदन हं ताई! आता काय बाई, दोन-दोन सरकारं तुझ्या दिमतीला.”

गुलिजारची पळी थांबली.

“रिफात गेला,” ती म्हणाली.

तुंजायचं हसू ओसरलं. “आई...”

“गेला गं ताई,” पेरिहान हळूच म्हणाली. “वसंतातच गेला.”

“त्याचा हलवा मी नव्हता भाजला.”

पातेल्यातला रवा तळाला धरायला लागला होता. पेरिहानने चपला दाराशी काढल्या, आत आली, आणि गुलिजारच्या मुठीतून पळी सोडवून घेतली. गेलेल्या माणसाचा हलवा एकटीने भाजत नाहीत. पळी हातोहात फिरते, आणि ज्याच्या हातात ती असेल त्याने मनात प्रार्थना म्हणायची असते. पेरिहानचे ओठ हलू लागले. तुंजायने केक उचलून फ्रीजवर ठेवला आणि आपली पाळी यायची वाट पाहत भिंतीशी उभा राहिला.

गुलिजारने कोटाची बटणं सोडली. हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करावं ते तिला कळेना.

“रंग आला का?” तिने विचारलं.

“अजून अवकाश आहे,” पेरिहान म्हणाली. “तोवर रडून घे.”