एकोणीस फुटी पाप

"बिल कळलं, सिस्टर. आता पाप सांगा," ब्रदर मीक्स म्हणाले.

रोयलीन टॅकेटनं चर्चच्या तळघरात गोल मांडलेल्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. कर्जमुक्तीच्या कार्यक्रमात नाव घालायला आलेली पाच-सहा माणसं तिच्याकडे आशेनं बघत होती. भिंतीजवळच्या टेबलावर कुणीतरी आणलेल्या बीन्स गार होत होत्या. कबुल्या संपल्याशिवाय जेवण नाही, असा रिवाज होता.

"पाप नाही. हॉस्पिटल," ती म्हणाली. "ह्याचं हृदय बंद पडलं होतं. त्यांनी ते चालू करून दिलं. त्याचे एक्केचाळीस हजार डॉलर."

शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, ऑर्व्हलनं, पुरावा म्हणून शर्टाचं वरचं बटण काढलं. कुणी पाहिलं नाही.

"हृदय हा झाला परिणाम," ब्रदर मीक्स म्हणाले. "मुळाशी जा."

ब्रदर मीक्स मंगळवारी संध्याकाळी लोकांना कर्जातून सोडवत. बाकीचे दिवस हायवेवर त्यांचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. तिथे ते हप्त्यानं गाड्या विकत, आणि हप्ता चुकला की ओढून परत नेत. खोलीतल्या निम्म्या लोकांची त्यांच्याशी ओळख तिथलीच.

रोयलीन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. येत्या एक तारखेपासून वसुलीवाले तिच्या पगाराचा चौथा हिस्सा परस्पर कापून नेणार होते. कार्यक्रमात नाव लागलं, तर चर्चचा माणूस त्यांना फोन करून व्याज उतरवणार आणि कापाकापी थांबवणार. तेवढ्यासाठी ती इथे बसली होती. एरवी मीक्सना तिनं रस्तासुद्धा विचारला नसता.

तिच्या आधी वेंडेल नावाच्या माणसानं कसिनोतल्या जुगाराच्या यंत्रांत बायकोच्या शिलाई मशीनसकट सगळं घातल्याचं हुंदके देत सांगितलं होतं. त्याला टाळ्या पडल्या. त्याच्या आधीच्या बाईनं टीव्हीवर बघून खोलीभर चिनी मातीच्या बाहुल्या मागवल्या होत्या. तिला मिठ्या मिळाल्या.

"पश्चात्ताप नाही, तर नोंदणी नाही," ब्रदर मीक्स म्हणाले. "नियम माझा नाही हो." त्यांनी बोट वर केलं. वर पंखा होता.

"सांगून टाक की गं बाई," बाहुल्यांची बाई म्हणाली. "आम्ही का हसणार आहोत तुला?"

शाळेत रोज दुपारी दोनशे पोरं ताटं घेऊन रोयलीनसमोरून जात. इतकी भुकेली तोंडं तिनं तिथेही पाहिली नव्हती.

"बोट," ती म्हणाली.

खोलीत जीव आला.

"कसली बोट?" वेंडेलनं विचारलं.

"मासे धरायची. लाल. चमकी मारलेली."

"बाप रे! किती फुटी?"

रोयलीननं क्षणभर विचार केला. खोटंच सांगायचं, तर त्यात कंजुषी कशाला?

"एकोणीस."

"आमेन," कुणीतरी म्हणालं. त्या संध्याकाळचं ते सगळ्यात मनापासूनचं आमेन होतं.

ऑर्व्हल बायकोकडे बघत राहिला. त्याला आंघोळीच्या टबातसुद्धा गरगरायचं.

ब्रदर मीक्स खुर्चीत पुढे सरकले. "हट्ट कुणाचा होता?"

"माझाच."

"वाटलंच मला. ऑर्व्हल, घरातला कर्ता पुरुष म्हणून तुम्ही हिला माफ करता का? इथे, सगळ्यांसमोर?"

ऑर्व्हल खुर्चीची पाठ धरून उठला. छातीवर हात ठेवला. टाके ओढले की तो ठेवायचाच. लोकांना वाटलं, भरून आलं.

"केलं माफ," तो म्हणाला. "पण रंग तरी मला विचारायचास."

टाळ्या झाल्या. बाहुल्यांच्या बाईनं रोयलीनला आवळून धरलं आणि तिच्या खांद्याला नाक पुसलं. ब्रदर मीक्सनी अर्जावर शिक्का मारला. वसुलीवाल्यांना उद्या सकाळी फोन जाईल म्हणाले. मग सगळे बीन्सवर तुटून पडले.

टॅकेट नवराबायको न जेवताच निघाले. ती गाडीचं दार उघडते आहे तोच ब्रदर मीक्स मागून धापा टाकत आले. डोक्यावर आता बेसबॉलची टोपी होती, आणि आवाज खाली उतरला होता.

"ती बोट. अजून तुमच्याकडेच आहे ना? नाही, मोह असा दारात ठेवू नये, म्हणून म्हणतो. मी नेतो. रोख काही जमायचं नाही आत्ता, पण महिन्याच्या महिन्याला हप्ता देत जाईन. आपल्यातच राहू दे हे. शनिवारी येऊ बघायला?"

रोयलीननं अर्ज पर्समध्ये खोल कोंबला. बोट नाही म्हणावं, तर पाप नाही. पाप नाही, तर नोंदणी नाही. आणि तोंड उघडलं तर त्यातून काय बाहेर पडेल, याचा तिला भरवसा नव्हता.

"बुडाली," ऑर्व्हल म्हणाला.

"काय?"

"बुडाली. अख्खी. तळ्याच्या मधोमध."

ब्रदर मीक्सनी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वाचवायला कुणीच नव्हतं का हो तिथे?"