शनिवारचा पासवर्ड

"काका, ही सगळी अ‍ॅप्स तुम्ही एकेक करून अपडेट करत होता?" पुतणीने विचारलं.

"दर शनिवारी. एकही चुकवला नाही."

"नेमच आहे त्यांचा," आतून काकूंचा आवाज आला. "अंगात ताप असला तरी आधी ते, मग गोळी."

कॉम्प्युटर काकांच्या मुलाचा, पुतणीच्या दादाचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. यादीतली अ‍ॅप्सही त्याचीच होती: गिटार सुरात लावायचं, बुद्धिबळाचं, ताऱ्यांच्या नकाशाचं. काका त्यातलं एकही उघडत नसत. नुसती जपत. पण आता त्यांच्या नजरेत मधोमध एक काळा डाग बसला होता, आणि तो वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून पुतणीला बोलावणं गेलं होतं.

"जुनी राहिली तर हळूहळू उघडेनाशी होतील ना गं?"

"काही होतील. पण आता आपोआप होईल सगळं. या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, त्यात सोय आहे त्याची, तुम्ही बघायलाही नको." तिने सेटिंगमधलं बटण सरकवलं. पडद्यावर दर शनिवारी यायची तीच पासवर्डची चौकट आली.

काकांनी कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि एका बोटाने चाचपत अक्षरं दाबली. चुकलं. पुन्हा दाबली. पुन्हा चुकलं.

"मला सांगा, मी टाकते."

काकांनी बोट कीबोर्डवरून उचललं नाही.

"सांगा की," काकू म्हणाल्या. "पोरगी काय तिजोरी फोडणार आहे?"

"बी," काका हळूच म्हणाले. "ए. बी. यू." जरा थांबले. "टी. ए."

पुतणी टाकत गेली, आणि टाकता टाकता जोडून उच्चारून मोकळी झाली. "बाबुटा? हा कसला पासवर्ड?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. नळ तेवढा वाहत राहिला.

"मला म्हणायचा तो. धड बोलता येत नव्हतं तेव्हा," काका म्हणाले. "पुढे शाळेत गेला आणि सुटलं ते. मला वाटलं, विसरला असेल. मग त्याच्या वहीत पासवर्ड म्हणून हेच लिहिलेलं सापडलं."

पुतणीने एंटर दाबलं. चौकट नाहीशी झाली, बटण निळं झालं.

"झालं, काका. आता पुन्हा नाही विचारणार."

"कधीच नाही?"

"नाही. कॉम्प्युटर सुरू होतानाही विचारत नाही, दादाने तसंच ठेवलंय."

नळ बंद झाला. काकू ओल्या हातांनीच दारात येऊन उभ्या राहिल्या.

काका पडद्याकडे तोंड करून बसले होते. चौकट होती त्या जागी त्यांना आता फक्त डाग दिसत होता.

"बाळ," ते म्हणाले, "त्याने परत एकदा विचारावं, असं काही करता येईल का?"