वीसचा वेग

शामरावांची स्कूटर समता कॉलनीकडे वीसच्या वेगानं चालली होती. पाटीवर तीस लिहिलेलं, पण शामरावांचं आपलं वीसच. मागून हॉर्नवर हॉर्न. एक पोट्टा कट मारून पुढे घुसू लागला अन् जाता जाता ‘दादाजी, बैलगाडी ले लो’ म्हणाला. शामरावांनी त्यालाही हात करून वाट दिली.

चौक आला तशा मागे बसलेल्या शेवंताबाई म्हणाल्या, “हिरवा.”

“हिरवा,” शामराव म्हणाले, अन् गाडी पुढे निघाली.

छत्तीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस. तिथं सिग्नल एकानं सांगायचा, दुसऱ्यानं परत म्हणायचा. घरचे हसत, बुढ्याची सवय सुटत नाही म्हणून. सवय कायची अन् काय! दोन वर्षं झाली, गाडीवर शेवंताबाईच त्यांचे डोळे होत्या. अन् त्या वीसच्या वेगाचं कौतुक साऱ्या मोहल्ल्यात. वाहतूक सप्ताहात सभ्य चालक म्हणून सत्कार झाला, पोरानं, यशदीपनं, प्रमाणपत्र बैठकीत टांगलं. आता तोंड कोण उघडणार? आज लायसन वाढवायला डॉक्टरची सही आणायची होती. डॉक्टर ओळखीचे, न तपासताच देणार.

दवाखान्याच्या जरा अलीकडे त्यांनी एकाएकी नवऱ्याचा खांदा करकचून दाबला. ब्रेक लागला. चाकापुढे दोन हातांवर एक बाई, पोरीचं बोट धरून. बाई घाबरली नाहीच, उलट हसली.

“सब लोग आपके जैसे रुक जाएँ ना बाबूजी, तो रोड पार करने में डर ही नहीं लगे.”

शामरावांनी मान लववली, जा म्हणून हात केला. दोघी पलीकडे गेल्या. गाडी मात्र हलेना. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून बाजूनं निघून गेले.

“बाई एकलीच होती ना?” शामरावांनी हळूच विचारलं.

शेवंताबाई खाली उतरल्या. दोन वर्षं झाकून ठेवलं, आता त्यांच्यानं होईना.

“पोरगी होती संगं. लाल फ्रॉक घालून.”

“लाल?”

“लालभडक, यशदीपचे बाबा.”

शामरावांनी इंजिन बंद केलं, अन् न मागताच चावी काढून बायकोच्या हातात दिली.