न तुटणारी लिंक

सरांचं एकच पालुपद: संदर्भाला साधी लिंक चालणार नाही, कायमची द्या. लेख कुठेही हलवला तरी ती त्याला बरोबर शोधून आणते म्हणे. प्रबंध आजच पाठवायचा होता आणि नेमका एक संदर्भ अडला होता.

बिरवाडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीला एकच दार, आणि रेंज फक्त त्या दारापाशी. म्हणून ते लोटून त्याला पाठ टेकून बसले. लिंक दाबली. पान कोरं. तेवढ्यात घराच्या पुढच्या दाराची कडी वाजली.

"कोन हाय बघ गो, अक्षदा!" घरमालकीण बनुकाकी ओरडल्या.

"तुम्हीच बघा ना, काकी!"

काकींनी दार उघडून पाहिलं, कोणीच नव्हतं. मी पुन्हा लिंक दाबली. पुन्हा कोरं पान, पुन्हा कडी.

सरांना फोन लावला. "नीट टाइप करा. कायमची लिंक तुटत नसते," म्हणून त्यांनी ठेवूनही दिला.

मग मी रागारागाने दाबतच सुटले. कडी वाजत राहिली आणि एकदम थांबली. बाहेर तांब्याभांडं वाजलं. काकी कोणाशी तरी बोलत होत्या.

"कोण आलंय, काकी?"

"तुज्याकडंच आलाय. लय फिरून आलाय बिचारा, पानी प्यायला. आता हितनं हलायचा नाय म्हनला."

"त्याला आत पाठवू नका!" मी पाठ दाराला घट्ट रेटली.

पलीकडून काकींचा वैतागलेला आवाज आला, "आता काय सांगतेस? मघाशीच गेला ना गो तो आत!"